कागद शाबूत, वाचणारा बेपत्ता : मोडी दप्तर आणि घरचा सर्व्हर

१/ समजा, पणजोबांच्या पेटीतील मोडी कागदांची छायाचित्रे आपण घरच्या सर्व्हरवर ठेवली. एके रात्री त्याने अपडेट घेतले आणि सकाळी तो सुरूच होईना. कागद गेले का? बहुधा नाही. गेली ती उघडण्याची वाट. मराठी दप्तरांवर हाच प्रसंग शतकापूर्वी आला. हा धागा त्या दोन्ही प्रसंगांविषयी.

२/ आधी यंत्र. अशा सर्व्हरमध्ये बहुधा ऑपरेटिंग सिस्टीम एका लहान डिस्कवर असते आणि आपला संग्रह मोठ्या डिस्कवर. अपडेट हात लावते ते पहिलीला. नवे कर्नल एखाद्या ड्रायव्हरशी जुळत नाही, किंवा डिस्कची नावे बदलतात आणि जुन्या नोंदीप्रमाणे शोधणारी यंत्रणा अडून बसते. संग्रह मात्र जागच्या जागी असतो.

३/ आता दप्तर. मोडीचे श्रेय परंपरा हेमाडपंताला देते. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचे, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती पाळत नाही. कारकुनी वेगासाठी घडलेली ही लिपी शिवकालात, पेशवाईत आणि संस्थानांत कारभाराची लिपी होती.

४/ छापखान्याला मात्र सुटी, उभी अक्षरे सोयीची. २५ जुलै १९१७ रोजी मुंबई इलाख्याने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचा निर्णय घेतला. हेतू सोयीचा आणि एकसारखेपणाचा होता. मोडी शाळांतून पुढेही काही दशके शिकवली गेली, पण हळूहळू वाचणारी पिढी सरली.

५/ करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचे दप्तर आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. रुमालांत बांधलेले कागद शाबूत आहेत. ते वाचू शकणारे थोडे. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणकारांची निकड एकाएकी सर्वांना जाणवली. कुणाचा हक्क ठरायचा तर आधी एक ओळ वाचता यायला हवी.

६/ खरे नुकसान बिघाडानंतरच्या घाईत होते. वाचता येत नाही म्हणून मोडी कागद रद्दीत घालणे आणि सर्व्हर उघडत नाही म्हणून ‘नव्याने स्थापित करा’ किंवा ‘डिस्क फॉरमॅट करा’ हे बटण दाबणे, ही एकाच जातीची चूक. पहिला नियम : काहीही पुसू नका.

७/ मग निदान. सर्व्हरला पडदा आणि कळफलक जोडा आणि गाडी कुठे थांबते ते पाहा. बूट डिस्कच सापडत नाही? बूट लोडर अडकतो? की कर्नल सुरू होऊन पुढे डिस्क जोडताना थांबते? पडद्यावरील शेवटच्या ओळींचे छायाचित्र घ्या. अस्सल साधन तेच, बाकी तर्क.

८/ बूट मेनूमध्ये बहुधा मागील कर्नल शिल्लक असते. ते निवडून पाहा. न जमल्यास पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, संग्रहाच्या डिस्क केवळ-वाचन पद्धतीने जोडा आणि प्रथम प्रत काढा. दुरुस्ती त्यानंतर. जुना कागद उलगडण्याआधी जशी आहे त्या स्थितीची नोंद करतात, तसेच हे.

९/ काही वाटा एकेरी असतात. झेडएफएस पद्धतीत पूल अपग्रेड केला की जुनी आवृत्ती किंवा बूट लोडर तो वाचू शकेलच असे नाही, आणि मागे फिरता येत नाही. बीबीसीने १९८६ मध्ये लेझर डिस्कवर काढलेला ‘डोम्सडे’ प्रकल्प पंधरा-सोळा वर्षांतच सामान्य यंत्रांवर वाचता येईना. १०८६ चा मूळ डोम्सडे ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

१०/ म्हणून संग्रहाबरोबर तो वाचण्याचे साधनही जपावे. डिस्कची मांडणी, आवृत्ती आणि कूटशब्द कागदावर लिहून यंत्राबाहेर ठेवा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर ती सावरते, पुसलेली फाइल परत आणत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांपलीकडे गेली होती; धोका पातळी ४३ फूट आहे.

११/ मोडीची वाट पुन्हा उघडते आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत तिला स्थान मिळाले, म्हणजे मोडी मजकूर आता संगणकावर मोडी म्हणूनच साठवता येतो. पण अक्षरांना क्रमांक मिळाले म्हणून वाचक तयार होत नाहीत. घरात मोडी कागद असतील तर छायाचित्रे जरूर काढा, आणि त्यासोबत बाराखडीही शिकायला घ्या.

#मोडी #कोल्हापूर #इतिहास #म