भाड्याच्या घरात डीटीएच : भिंत मालकाची, गच्ची सोसायटीची

अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या सदनिकेत सामान लागते, गॅसची जोडणी होते आणि मग दूरचित्रवाणीचा प्रश्न निघतो. डीटीएच कंपनीचा तंत्रज्ञ तबकडी, वायरचे भेंडोळे आणि ड्रिल यंत्र घेऊन दारात उभा राहतो व विचारतो, ‘छत्री कुठे लावायची?’ स्वतःच्या घरात क्षणात देता येणारे उत्तर भाडेकरूजवळ नसते. बाहेरची भिंत त्याची नाही. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते, वॉचमन सेक्रेटरींकडे बोट दाखवतो, सेक्रेटरी घरमालकाचे पत्र मागतात आणि घरमालक बहुधा दुसऱ्या शहरात असतो. तंत्रज्ञ एक तर परत जातो, नाही तर कोणालाही न विचारता भिंतीला चार भोके पाडून मोकळा होतो. या दुसऱ्या सोयीची किंमत घर सोडताना, अनामत रक्कम परत मागण्याच्या वेळी कळते.

भारतात थेट उपग्रहावरून घरात येणारी दूरचित्रवाणी तशी उशिराच आली. १९९७ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली होती. नोव्हेंबर २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर होऊन ती उठली. २००३ मध्ये ‘डिश टीव्ही’ सुरू झाली, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा आली आणि ऑगस्ट २००६ मध्ये ‘टाटा स्काय’ने पदार्पण केले, तिचे नाव जानेवारी २०२२ पासून ‘टाटा प्ले’ असे आहे. त्याआधी भाडेकरूला फारसा पर्याय नव्हता. ज्या गल्लीत घर, त्या गल्लीचा केबलवाला, असा अलिखित नियम होता. वायर आधीपासून खिडकीतून आत आलेली असे आणि नव्या बिऱ्हाडाने फक्त महिन्याचे पैसे द्यायचे. डीटीएचने निवडीचे स्वातंत्र्य दिले. परंतु त्याबरोबर एक अटही आणली. घराच्या कोणत्या तरी भागातून आकाशाचा एक ठरावीक तुकडा दिसलाच पाहिजे.

आकाशाचा हवा तो तुकडा

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने एका जागी स्थिर भासतात. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्याने येथून ते दक्षिणेकडे दिसतात, आणि आपल्या सेवा देणारे प्रमुख उपग्रह पूर्वेकडे झुकलेले आहेत. ‘टाटा प्ले’चा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईहून तो आग्नेय आणि दक्षिण यांच्या मध्ये, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर येतो. दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ ९३.५ अंशांवर आहे; मुंबईहून ती जवळजवळ थेट आग्नेयेला, ५७-५८ अंश उंचीवर दिसते. ‘एअरटेल’चा उपग्रह १०८.२ अंशांवर असल्याने आणखी पूर्वेला सरकतो आणि उंचीही ४४ अंशांपर्यंत उतरते. पुण्यात हे कोन जवळपास असेच राहतात. नागपुरात मात्र ८३ अंशांचा उपग्रह जवळजवळ सरळ दक्षिणेला येतो.

याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. ज्या सदनिकेचे सर्व दरवाजे-खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडतात, तेथे स्वतःच्या बाल्कनीतून एकही सेवा मिळणार नाही. गच्चीवाचून गत्यंतर नाही. समुद्र दिसतो म्हणून मुंबईत ज्या घरांना चढे भाडे पडते, त्यांतील कित्येक घरे या हिशेबात नापास होतात आणि रेल्वे रुळांकडे पाहणारी स्वस्त घरे उत्तीर्ण होतात. समोरच्या इमारतीचेही गणित आहे. तबकडीपासून दहा मीटरवर त्या दिशेला इमारत असेल, तर ८३ अंशांच्या उपग्रहासाठी ती तबकडीपेक्षा साधारण एकवीस मीटर उंच असली तरी चालते; १०८.२ अंशांच्या उपग्रहासाठी ती दहा मीटर उंच असली तरी आड येते. दाट वस्तीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्याने सेवा निवडताना वाहिन्यांच्या यादीआधी हा फरक पाहावा.

उपग्रह उंचावर असण्याचा तोटाही आहे, आणि तो बाल्कनीत भोवतो. वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब आकाश झाकतो. तबकडीच्या दोन मीटर वर स्लॅब असेल, तर ६५ अंशांनी येणारा संकेत मिळण्यासाठी तबकडी स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी. बाल्कनीचे तोंड तिरपे असेल तर त्याहूनही पुढे. म्हणूनच तंत्रज्ञ ती ग्रिलच्या बाहेर लटकवू पाहतो. तबकडी पाहून मात्र या कोनाचा अंदाज येत नाही. घरगुती तबकडीची रचना अशी असते, की ती जेथे रोखलेली दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरून येणारा संकेत ती टिपते. ती उभी दिसते, पण पाहते वर.

जागा तपासण्यासाठी होकायंत्र लागतेच असे नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य आकाशात या उपग्रहांच्या वाटेवरूनच जातो. त्या दिवसांत बाल्कनीतील ठरवलेल्या जागेवर सकाळी दहाच्या सुमारास ऊन पडत असेल, तर १०८.२ अंशांचा उपग्रह तेथून दिसतो; अकराच्या सुमारास पडत असेल तर ९३.५ अंशांचा आणि बाराच्या सुमारास पडत असेल तर ८३ अंशांचा. (याच दिवसांत चित्र काही मिनिटे नाहीसे होते. सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे आलेला असतो आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.) एरवी मोबाइलमधील होकायंत्र पुरेसे आहे, मात्र लोखंडी ग्रिलला टेकवून पाहिल्यास ते चुकीची दिशा दाखवते.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल तेथील संचार आयोगाने लावून टाकला आहे. त्याच्या १९९६ च्या नियमाचा विस्तार १९९९ मध्ये भाडेकरूंपर्यंत झाला. बाल्कनीसारख्या केवळ स्वतःच्या वापरातील जागेत एक मीटरपर्यंत व्यासाची तबकडी बसवण्यास घरमालक सरसकट मनाई करू शकत नाही. सामाईक छतावर मात्र भाडेकरूचा असा हक्क नाही. न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये भारतीय वाहिन्या पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना या नियमाचा आधार होता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात तबकडीचा असा उल्लेख नाही. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि मलनिस्सारण यांसारख्या अत्यावश्यक सेवा घरमालकाला तोडता येत नाहीत, असे कलम २९ सांगते. दूरचित्रवाणी त्या यादीत नाही. पागडीच्या वा जुन्या भाडेकरूने कलम १६ अधिक काळजीने वाचावे. घरमालकाच्या लेखी संमतीविना ‘कायमस्वरूपी बांधकाम’ केल्यास जागेचा ताबा मागण्याचे ते एक कारण ठरते. वातानुकूलन यंत्र, खोटे छत, लाकडी पार्टिशन, धुराडे अशा काही गोष्टी त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. १९९९ च्या कायद्यात डीटीएचचे नाव असणे शक्यच नव्हते. बोल्टने बसणारी आणि बोल्ट सोडवून निघणारी तबकडी म्हणजे बांधकाम, असा दावा टिकणे अवघड आहे. तरीही वाद उकरून काढू पाहणाऱ्या मालकाला आयते निमित्त कशाला द्यावे? दोन ओळींची लेखी संमती घेतलेली बरी.

‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याला कायद्यापेक्षा करारातील कलमे बांधून ठेवतात. ‘जागेत कोणताही बदल करणार नाही’ आणि ‘जागा आहे त्या स्थितीत परत करीन’ ही दोन वाक्ये बहुतेक छापील मसुद्यांत असतात. भिंतीतील चार भोके या वाक्यांत बसतात की नाही, याचा निवाडा शेवटी अनामत रकमेतून होतो आणि त्या वेळी रक्कम घरमालकाच्या हातात असते. कायद्याच्या कलम ५५ नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. तेव्हा नोंदणीपूर्वीच त्यात एक वाक्य घालून घेणे सर्वांत सोपे. त्यात तबकडी कोठे लावली जाईल, वायर कोणत्या वाटेने आत येईल आणि सोडताना भोके बुजवून रंग देण्याचा खर्च कोणाचा, हे तिन्ही यावे. करार आधीच झाला असेल तर घरमालकाला बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र पाठवून लेखी होकार जपून ठेवावा.

गच्ची हे निराळे प्रकरण आहे. ती घरमालकाचीही नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सर्व सभासदांच्या सामाईक वापराची असते, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही गच्चीची गणना सामाईक क्षेत्रात केली आहे. भाडेकरू हा संस्थेचा सर्वसाधारण सभासद नव्हे, म्हणून त्याच्या अर्जाला वजन नसते. अर्ज सदनिकेच्या मालकाच्या सहीने गेला पाहिजे. कार्यकारिणीची हरकत दर वेळी आडमुठेपणातूनच येते असेही नाही. गच्चीच्या कोब्यात पाडलेले एक भोकसुद्धा पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला ओल आणते, आणि तोपर्यंत तबकडी लावणारा भाडेकरू घर सोडून गेलेला असतो. कोब्याला हात न लावता वजनदार काँक्रीट ठोकळ्यावर किंवा कठड्याच्या आतल्या बाजूला तबकडी बसवू, असे अर्जातच लिहिले तर होकार मिळण्याची शक्यता वाढते.

अनेक संस्थांत गच्चीवर आधीच एक सामाईक तबकडी असून तिच्यावरून मजल्यांवर वायर फिरवलेली असते. घर पाहायला जातानाच ही चौकशी केली तर बराच खटाटोप वाचतो.

बसवताना

तबकडीवर वारा मोठा जोर धरतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात साठ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर पंधरा-वीस किलो वजनाइतका दाब येतो. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला याहूनही वेगवान झोत नोंदले गेले. सातव्या मजल्याच्या ग्रिलला तारेने बांधलेली तबकडी खाली कोणाच्या डोक्यावर पडली, तर जबाबदारी टाळणे भाडेकरूला कठीण जाईल. गंजलेले ग्रिल, पोकळ विटांची भिंत, दक्षिण मुंबईतील जुन्या चाळींचे लाकडी सज्जे या जागा सरळ नाकाराव्यात. बोल्ट काँक्रीटच्या तुळईत किंवा पक्क्या भिंतीतच बसावेत. ग्रिल मजबूत असेल तर क्लॅम्पने आवळलेली तबकडी भाडेकरूला सर्वांत सोयीची. भोकच नाही, तर भांडणही नाही.

वायर खिडकीच्या सरकत्या काचेखाली दाबून आत घेण्याची घाई अनेकदा होते. वाकलेल्या वायरीतून संकेत क्षीण होतो, आणि पहिल्या पावसात चित्राचे चौकोन पडू लागले की दोष कंपनीला दिला जातो. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेले जुने भोक बहुतेक सदनिकांत असते. त्यातून ही वायर आरामात जाते. भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून घरात न उतरता बाहेरच ठिबकते. मुसळधार सरीत काही मिनिटे चित्र जाणे स्वाभाविक आहे. रिमझिम पावसातही जात असेल तर तबकडीचा कोन किंचित चुकला आहे असे समजावे आणि पडद्यावर संकेताची तीव्रता व गुणवत्ता दाखवून घेतल्याशिवाय तंत्रज्ञाच्या कागदावर सही करू नये.

खर्चाविषयी एक बदल ध्यानात ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमांनी बसवण्याचे शुल्क कमाल ३५० रुपये आणि सेवा सुरू करण्याचे कमाल १०० रुपये ठरवले होते. जुलै २०२४ मधील दुरुस्तीने या मर्यादा काढल्या आणि शुल्क कंपन्यांवर सोपवून ते जाहीर करणे त्यांना बंधनकारक केले. घर वरचेवर बदलावे लागणाऱ्याने म्हणून जोडणी घेतानाच स्थलांतराचे शुल्क विचारून घ्यावे. पत्ता बदलला तरी जोडणी तीच राहू शकते. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे ती नव्या घरी हलवून देणे कंपनीचे काम आहे. मुंबईहून नागपूरला बदली झाली तरी उपग्रह तोच, फक्त तबकडी नव्याने वळवावी लागते. सेट टॉप बॉक्स आणि तबकडी विकत दिली आहे की वापरापुरती, हे पावतीवर पाहावे. काहीच बांधून घ्यायचे नसेल तर ‘डीडी फ्री डिश’ आहे : संच बाजारातून एकदा विकत घ्यावा लागतो, मासिक वर्गणी नाही, आणि ‘सह्याद्री’ तिच्यावर दिसते.

घर सोडताना तबकडी तेथेच टाकून जाण्याची रीत पडली आहे, आणि मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर मालक नसलेल्या तबकड्या गंजत पडलेल्या दिसतात. ती काढून न्यावी, भोकांत सिमेंट भरावे, रंगाचा हात फिरवावा आणि किल्ल्या देण्यापूर्वी ती भिंत घरमालकाला दाखवून अनामत रकमेच्या हिशेबावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.