धैवतावर बसलोय ते ऐक

गिरगावात पेटी शिकायला लागलो, तेव्हा गुरुजींनी पहिल्यांदा फसवलं ते देशकारात. ते गुणगुणत होते आणि मी बोटांनी सूर टिपत होतो : सा, रे, ग, प, ध. ‘‘भूप!’’ मी छाती काढून सांगितलं. ‘‘सूर मोजतोस काय वाण्यासारखे? धैवतावर किती बसलोय ते ऐक,’’ गुरुजी म्हणाले.

पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनाही त्याच सुरांच्या दोन रागांचं हे कोडं सुटलं असणार ते ऐकूनच. १८६० साली वाळकेश्वरात जन्मलेला हा वकील उस्तादांच्या मागे लागून चिजा गोळा करत हिंडला. त्या चिजा त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या : कोमल सुराखाली आडवी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. रागांसाठी दहा थाट पाडले. त्यात भूप गेला कल्याणात, देशकार बिलावलात. गंमत अशी, की हे दोन थाट वेगळे होतात ते मध्यमामुळे, आणि मध्यम तर दोन्ही रागांत वर्ज्य! म्हणजे इथं निवाडा केला तो चलनानं, सुरांच्या यादीनं नव्हे. थाटांवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती सगळीच मला पटत नाही.

चीज कागदावर आली, पण तिचा मुखडा, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सुरुवातीचा तुकडा, एकाच रूपात. गवई मात्र तोच मुखडा दर खेपेला वेगळा घेतो. कधी उशिरा उचलतो, मधला सूर लांबवतो, मग उरलेली अक्षरं घाईनं कोंबून समेवर येतो. साथीला बसलेल्याचा जीव तिथंच टांगलेला असतो.

संगणकही नेमका तिथंच अडला. २०१२ साली आयआयटी मुंबईत प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्यालाच्या ध्वनिमुद्रणांतून मुखडे हुडकायचं काम मांडलं. आधी गळ्याच्या सुराची चढउतार रेघ काढायची, मग तिचे तुकडे एकमेकांशी ताडायचे. नुसते एकावर एक ठेवून ते जुळत नाहीत, म्हणून वेळ रबरासारखी ताणून जुळवण्याची एक रीत वापरली. ही रीत मुळात बोलणं ओळखण्यासाठी निघालेली, कारण एकच शब्द कुणी भरभर बोलतो, कुणी रेंगाळत. शिवाय त्यांनी समेचा आधार घेतला : मुखडा समेला येऊन मिळतो, तेव्हा सगळी मैफल धुंडाळण्याऐवजी समेच्या आसपासच शोधायचं.

हे कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, हे तर आम्ही रोज करतो! फक्त आम्हाला गवयाचा हात दिसतो. मुखड्याआधी तो मांडीवरून किंचित उचलला जातो. विलंबित एकतालात माझा मात्रांचा हिशेब अजूनही कधी कधी हरवतो, तेव्हा मी तबल्याकडे बघत नाही. त्या हाताकडे बघतो.