नवख्याचा अभ्यास : बुद्धिबळाच्या पटावरचे काही जुने धडे

किल्ले धारूरला वाढलेल्या मुलाला बुद्धिबळातील 'किल्लेकोट' हा शब्द फारसा समजावून सांगावा लागत नाही. आदिलशाही सरदार किश्वरखानाने सोळाव्या शतकात बांधविलेला तेथील किल्ला पुढे निजामशाहीकडे गेला आणि १६३१ मध्ये मोगलांच्या हाती पडला. तट असला म्हणजे राजा सुरक्षित राहतोच असे नाही, हे त्या गावाला ठाऊक आहे. तरीही नवख्याला आरंभीच सांगितले जाते, की लवकर किल्लेकोट करून टाक. गंमत अशी, की ही खेळी आपल्याकडच्या जुन्या खेळात नव्हतीच. शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल करता येई, तेवढीच त्याची सवलत. मग त्या खेळातला नवखा अभ्यासाला सुरुवात कोठून करीत असेल?

या प्रश्नाचे एक उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला अनपेक्षित ठिकाणी सापडते. नवव्या शतकातील रुद्रटाच्या 'काव्यालंकारा'त तुरगपदबंध आहे. अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत बत्तीस अक्षरे मांडावयाची. ती सरळ वाचली काय किंवा घोड्याच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच निघतो. मम्मटाने चित्रकाव्याला खालची पायरी दिली आणि आपण ती मुकाट्याने मान्य केली. काव्य म्हणून तो निवाडा योग्यही असेल. पण हा श्लोक ज्याला पाठ असेल त्याचा घोडा पटावर वाट चुकणार नाही.

हीच परंपरा सतराव्या शतकात नीलकंठभट्टांच्या 'नीतिमयूखा'त दिसते. हे घराणे मूळचे पैठणचे, म्हणजे मराठवाड्यातले. पुढे काशीला स्थायिक झालेले. राजनीतीवरील या ग्रंथात नीलकंठभट्टांनी बुद्धिबळाचे नियम दिले आहेत आणि घोड्याने चौसष्ट घरे एकेकदाच फिरण्याच्या वाटाही श्लोकबद्ध केल्या आहेत. एकच मोहरे, रिकामा पट आणि पाठांतर असा हा धडा आहे. त्यात प्रतिस्पर्धी लागत नाही आणि गुरू जवळ नसला तरी अडत नाही.

दुसरा धडा जुन्या नियमांतच दडलेला होता. प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरवला, तर ती 'बुर्जी'. तिला पुऱ्या विजयाचा मान नसे. प्याद्याने केलेली मात मात्र विशेष प्रतिष्ठेची. म्हणजे समोरच्याचे एखादे मोहरे जिवंत ठेवून मात करावयाची आणि जमल्यास ती प्याद्याने. दिसेल ते मारत सुटणे हा नवख्याचा सनातन दोष. आज शिक्षकाला तो बोलून घालवावा लागतो. तेव्हा खेळाचा नियमच त्याला आवर घालीत असे.

पेशवाई मावळण्याच्या चार वर्षे आधी, १८१४ मध्ये, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापले गेले. त्यात मुख्यतः पेचाच्या स्थिती आहेत आणि त्या युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतल्या आहेत. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मृतीला व्यायाम घडावा, हा हेतू पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच सांगितलेला आहे. नियम बदलत होते, भाषा बदलत होती; अभ्यासाचा क्रम मात्र टिकला : थोडी मोहरी, नेमकी मात. पुढे १९२१ मध्ये कापाब्लांकाने नवख्यांसाठी पुस्तक लिहिले, तेही साध्या मातांपासूनच सुरू होते. दोघांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. शेवट समजल्याशिवाय आरंभाला अर्थ येत नाही, हे दोघांनाही खेळातूनच कळले असावे.

आम्हांला येथे पाठांतराचा गौरव करावयाचा नाही. तुरगपदबंध घोकणारा पंडित चांगला खेळाडू असेलच असे नाही; आज डावाच्या आरंभीच्या वीस खेळ्या घोकणारा विद्यार्थीही एकविसाव्या खेळीला गोंधळतो. फरक एवढाच, की घोड्याची वाट पाठ करणाऱ्याच्या हाती मोहऱ्याचा स्वभाव लागतो आणि डावाचा आरंभ घोकणाऱ्याच्या हाती दुसऱ्याने केलेला विचार. साहित्याच्या वर्गातही हेच घडते : कविता मुखोद्गत असणे वेगळे आणि तिचे रसग्रहण मुखोद्गत असणे वेगळे.

म्हणून धारूरसारख्या गावात, जाणत्या शिक्षकाची वाट न पाहता, कोणी दिनक्रम आखू पाहत असेल तर आम्ही त्याला जुनाच क्रम सुचवू. रोज थोडा वेळ घोडा रिकाम्या पटावर फिरवावा. मग वजीर आणि राजा, हत्ती आणि राजा, शेवटी एकटे प्यादे घेऊन राजा, अशा मोजक्या मोहऱ्यांचे शेवट हात बसेपर्यंत खेळावेत. त्यानंतर पेचाच्या दोन-चार स्थिती, मोहरी न हलवता, मनात सोडवाव्यात. आठवड्यातून एक-दोन डाव सावकाश खेळून प्रत्येक खेळी लिहून ठेवावी आणि हरलेला डाव दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा मांडावा. जुन्या खेळाडूला जे स्मृतीवर सोपवावे लागे ते आपल्याला वहीवर सोपवता येते, एवढीच आपली सोय अधिक. आरंभाची पुस्तके मागाहून. किल्लेकोट जरूर करावा. पण वेढा पडल्यावर काय करावयाचे, हे आधी शिकून घ्यावे.