पुन्हा कोर्लईला

ऑक्टोबरच्या अखेरीस, भातकापणीच्या दिवसांत, वसईहून मोटारीने कोर्लईस जाण्याचा योग आला. गुरुविद्यालयात शिकत असताना, १९९४ साली, पाळकीय अनुभवासाठी मी काही महिने त्या गावी राहिलो होतो. ते माझे जुने घरच म्हणायचे.

पेण, अलिबाग मागे पडले, की नागाव, चौल व रेवदंडा ही गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून एकमेकांत मिसळत जातात. रेवदंड्याचा रस्ता तर जुन्या तटबंदीतूनच आत शिरतो. १५२१ साली निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. पुढे १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने घातलेला वेढाही या शहराने सोसला. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व येशूसंघीय धर्मगुरूंची मंदिरे येथे उभी राहिली. आज पोफळींच्या गर्दीत सातखणी मनोरा दिसतो. त्याचे सातही खण मात्र आता शिल्लक नाहीत.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. ती कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने चौलही मराठ्यांकडे गेले, हे आपण सहसा आठवत नाही. अधिकारी, सैनिक आणि ऐपतदार कुटुंबे निघून गेली. ज्यांना जाण्यासारखे ठिकाण नव्हते असे गोरगरीब ख्रिस्ती मागे राहिले, आणि कुंडलिका खाडीच्या पलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या डोंगराखाली त्यांनी संसार मांडले. हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला होता. पायथ्याच्या गावात आज कार्मेल मातेचे मंदिर आहे.

या लोकांनी बरोबर काय नेले? एक बोली. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वळण मराठी. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते. तिला ना शाळा मिळाली, ना राजाश्रय. अडीचशेहून अधिक वर्षे ती चुलीपाशी आणि पाळण्यापाशी जगली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्या जडणघडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराहून कमी आहे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले, आणि पुढे आपल्या वेदीवर मराठी आली. त्या आनंदात वाढलेला मी, धर्मशिक्षणाच्या वर्गात कोर्लईची मुले आपापसांत घरच्या बोलीत कुजबुजू लागली, की त्यांना दटावीत असे: “नीट भाषेत बोला!” मुले निमूट गप्प बसत. लोकांची भाषा उपासनेत यावी म्हणून ज्या परिषदेचा मी गौरव करीत होतो, तिच्याच शिकवणुकीविरुद्ध मी वागत होतो, हे तेव्हा ध्यानी आले नाही.

या खेपेस ज्या घरी पूर्वी मी जेवावयास जात असे, तेथे गेलो. आजींनी मला ओळखले. त्यांनी नातवाला आपल्या बोलीत काहीतरी सांगितले. त्याने उत्तर दिले ते मराठीत. “कळतं त्याला सगळं, फादर,” आजी म्हणाल्या, “पण बोलत नाही.”

मी काय बोलणार? कदाचित त्या मुलाच्या वडिलांनाच मी कधीकाळी गप्प केले असेल.

किल्ल्यावरील छप्पर नसलेल्या मंदिराची छायाचित्रे काढून पर्यटक परत जातात. दगडांची काळजी घ्यावयास पुरातत्त्व खाते आहे. बोलीची काळजी घरालाच घ्यावी लागते. वसईतील आपल्या सामवेदी व वाडवळी घरांनाही हे सांगावेसे वाटते. निघताना मी आजींना विनंती केली, की मला त्यांच्या बोलीत ‘प्रभूची प्रार्थना’ शिकवावी. त्या हसल्या, आणि एकेक शब्द सावकाश सांगू लागल्या. नातूही जवळ येऊन बसला.