जर्मन हाफ-ट्रॅक वाहनांचे युद्धोत्तर भवितव्य

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–१९४५) जर्मन सैन्याने वापरलेली हाफ-ट्रॅक वाहने युद्धाच्या शेवटी मोठ्या संख्येने दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आली. पुढे दिशा देणारी चाके आणि मागे रणगाड्यासारखे साखळीपट्टे अशी रचना असलेल्या वाहनास हाफ-ट्रॅक म्हणतात. हस्तगत झालेल्या या वाहनांपैकी बहुतेक भंगारात गेली. काही शेतात व रानात ओढकामास लागली, काही चाचणीकेंद्रांत पोहोचली, तर चेकोस्लोव्हाकियात त्यांच्यातील एका प्रकाराचे उत्पादनच नव्याने सुरू झाले. आज संग्रहालयांत व चित्रपटांत दिसणारी अनेक 'जर्मन' वाहने प्रत्यक्षात याच युद्धोत्तर चेकोस्लोव्हाक उत्पादनातील आहेत. त्यामुळे एखाद्या वाहनाचे मूळ निश्चित करणे हा लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांपुढील खरा प्रश्न ठरला आहे.

वाहनांचे प्रकार

जर्मन लष्कराने प्रत्येक विशेष वाहनास एक क्रमांक दिला होता, आणि त्याच क्रमांकाने ही वाहने आजही ओळखली जातात. त्यांचे दोन ठळक वर्ग होते. पहिला वर्ग तोफा व अवजड सामग्री ओढणाऱ्या वाहनांचा. त्यातील क्रमांक ७ हे आठ टन ओढक्षमतेचे वाहन सुमारे १२,००० इतके बनले. क्रमांक ९ हे अठरा टनी वाहन बिघडलेले रणगाडे ओढून आणण्यासाठी वापरले जाई. त्याची संख्या सुमारे २,५०० होती. दुसरा वर्ग चिलखती वाहनांचा. पायदळाची तुकडी वाहून नेणारे क्रमांक २५१ हे हानोमाग कंपनीच्या सांगाड्यावर आधारलेले वाहन १५,००० हून अधिक बनले. त्याचे धाकटे भावंड असलेले क्रमांक २५० सुमारे ६,६०० बनले. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत सेनापती एर्विन रोमेल वापरत असलेले 'ग्राइफ' नावाचे वाहन याच २५० मालिकेतील होते. या दोन्ही वर्गांबाहेरचे म्हणावे असे तिसरे वाहन म्हणजे क्रमांक २, अर्थात 'केटनक्राड'. पुढे मोटारसायकलीचे चाक व हँडल आणि मागे साखळीपट्टे असलेले हे छोटे वाहन नेकारझुल्म येथील एनएसयू कंपनीने तयार केले.

भवितव्य ठरविणारी रचना

या वाहनांचे पुढे काय झाले हे समजण्यासाठी त्यांची यंत्ररचना पाहणे आवश्यक आहे. साखळीपट्ट्यांवरील चाके एकमेकांत गुंतवून बसवलेली असत. त्यामुळे भार समान विभागला जाई आणि मऊ जमिनीवर वाहन सहज चाले. परंतु आतले एखादे चाक बदलायचे झाल्यास बाहेरची चाके आधी काढावी लागत. रशियातील हिवाळ्यात चाकांमध्ये अडकलेला चिखल रात्रीत गोठला, की सकाळी वाहन जागचे हलत नसे. साखळीपट्ट्याचे दुवे सुईच्या आकाराच्या बेअरिंगांवर फिरत. त्यांना नियमित वंगण लागे आणि दुव्यांवर रबरी गाद्या बसवलेल्या असत. या काटेकोर रचनेमुळे रस्त्यावर ताशी सुमारे ५० किमी. वेग मिळे; पण त्यासाठी कुशल कारागीर आणि सुट्या भागांचा अखंड पुरवठा अपरिहार्य होता.

१९४५ मध्ये हा पुरवठा तुटला. कारखाने बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते, आणि जर्मनीच्या निःशस्त्रीकरणाच्या निर्णयामुळे लष्करी उत्पादनास बंदी होती. ज्याच्या हाती वाहन होते त्याला दुसरे वाहन मोडूनच सुटे भाग मिळवावे लागत. या उलट अमेरिकन हाफ-ट्रॅक वाहने ५०,००० हून अधिक बनली होती. त्यांची रचना सोपी होती, पुढची चाकेही इंजिनाच्या शक्तीने फिरत आणि सुटे भाग मुबलक होते. त्यामुळे इस्रायलसह अनेक देशांच्या सैन्यांत ती पुढे कित्येक वर्षे टिकली. जर्मन वाहन अनेक बाबतींत अधिक कुशलतेने घडविलेले होते, पण टिकण्याच्या दृष्टीने तेच कौशल्य त्याला नडले.

युद्धकाळातील वापर

हस्तगत वाहने वापरण्याची प्रथा युद्धातच पडली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. जर्मनांनी स्वतः फ्रान्समधून मिळवलेल्या हाफ-ट्रॅक वाहनांवर चिलखत चढवून ती वापरली. सोव्हिएत सैन्यानेही हाती लागलेली २५१ वाहने उपयोगात आणली. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र वॉर्सा उठावातील आहे. १४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश बंडखोरांनी शहरातील ताम्का रस्त्यावर 'वायकिंग' या एसएस डिव्हिजनचे एक २५१ वाहन काबीज केले. त्याला आधी 'याश' व नंतर 'शारी व्हिल्क' म्हणजे 'करडा लांडगा' असे नाव देण्यात आले. २३ ऑगस्ट रोजी वॉर्सा विद्यापीठाच्या आवारावरील हल्ल्यात हे वाहन बंडखोरांनी स्वतः बनवलेल्या 'कुबूश' या चिलखती गाडीसोबत उतरले. कुबूश आज वॉर्साच्या संग्रहालयांत गणली जाते. करडा लांडगा मात्र छायाचित्रांतच उरला आहे.

चाचण्या आणि अनुकरण

ब्रिटनमध्ये क्रमांक ७ या वाहनाचा बारकाईने अभ्यास झाला. त्याच्या धर्तीवर व्हॉक्सहॉल-बेडफर्ड कंपनीने 'ट्रॅक्लॅट' नावाचे तोफा ओढणारे वाहन तयार केले. त्यात बेडफर्डची दोन इंजिने होती. मोजके नमुने बनले आणि युद्ध संपल्याने प्रकल्प तेथेच थांबला. अमेरिकेत अनेक हस्तगत वाहने मेरीलँड राज्यातील ॲबरडीन चाचणीक्षेत्रात नेण्यात आली. त्यांतील काही वाहने पुढे भंगारात गेली. सोव्हिएत संघात अशी वाहने मॉस्कोजवळील कुबिंका येथे जमा झाली. तथापि हाफ-ट्रॅक ही कल्पनाच आता मागे पडत होती. सोव्हिएत सैन्याने १९५०च्या सुमारास सहा चाकांचे बीटीआर-१५२ स्वीकारले, आणि पश्चिमेकडेही पूर्ण साखळीपट्ट्यांची किंवा केवळ चाकांची वाहने पुढे आली.

केटनक्राड : युद्धानंतरचे नागरी जीवन

पराभूत जर्मनीत एकाच हाफ-ट्रॅकला अधिकृत पुनर्जन्म लाभला. केटनक्राडमध्ये ओपेल ऑलिंपिया मोटारीचे ३६ अश्वशक्तीचे इंजिन होते. म्हणजे त्याचे हृदय तरी नागरी होते. ते चालवण्यास सोपे, अरुंद वाटेने जाणारे आणि आकाराच्या मानाने पुष्कळ ओझे ओढणारे असल्याने एनएसयू कंपनीने युद्धानंतर शेती व वनकामासाठी त्याचे उत्पादन चालू ठेवले. १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशी सुमारे ५५० वाहने बनली. युद्धाच्या शेवटी इंधन वाचविण्यासाठी जेट विमानांना धावपट्टीपर्यंत ओढून नेणारे हेच वाहन आता लाकडाचे ओंडके ओढू लागले. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या चित्रपटामुळे नव्या पिढीस ते परिचित झाले.

चेकोस्लोव्हाकिया आणि ओटी-८१०

जर्मन ताब्यातील बोहेमियात प्ल्झेनचा श्कोडा कारखाना २५१ वाहने बनवीत होता. टाट्रा कंपनी युद्धाच्या अखेरच्या काळातील जड ओढवाहन बनवीत असे आणि युद्धानंतरही काही काळ तिने ते स्वदेशी सैन्यासाठी चालू ठेवले. या वाहनाचे साखळीपट्टे वंगणाविना चालणारे होते. युद्धकाळातील टंचाईने जर्मनांना उशिरा शिकविलेला हा साधेपणा होता.

पुढे १९५८ ते १९६२ या काळात स्लोव्हाकियातील देत्वा येथील कारखान्यात २५१च्या रचनेवर आधारित ओटी-८१० हे वाहन सुमारे १,५०० इतके बनले. मूळ वाहनातील मायबाख पेट्रोल इंजिनाऐवजी त्यात हवेने थंड होणारे टाट्रा डिझेल इंजिन बसवले गेले. मूळ वाहनाचे वरचे तोंड उघडे असे, ते चिलखती छताने झाकण्यात आले. ज्या राष्ट्राने सहा वर्षे नाझी अंमल सोसला, त्याच्या सैनिकांना त्याच सत्तेच्या वाहनाची सुधारित आवृत्ती चालवावी लागली. त्यांनी तिला 'हिटलरचा सूड' असे उपहासाने म्हटले, यात नवल नाही. १९६०च्या दशकात चाकांवरचे ओटी-६४ आल्यावर हे वाहन मागे पडले. काही वाहनांवर ८२ मिमी.ची रिकॉइललेस तोफ बसवून ती रणगाडाविरोधी कामास ठेवली गेली.

अस्सल आणि रूपांतरित

सेवेतून निघालेली ओटी-८१० वाहने पुढे हौशी संग्राहकांच्या आणि चित्रपट-निर्मात्यांच्या हाती गेली. छत कापून, पुढील भाग बदलून आणि करडा किंवा पिवळट रंग देऊन त्यांना २५१चे रूप देण्यात येते. पडद्यावर हे खपून जाते. पण हेच वाहन पुढे संग्रहात 'मूळ जर्मन' म्हणून मिरवू लागले की ऐतिहासिक पुराव्यात गोंधळ होतो. अभ्यासक म्हणून इंजिनाचा प्रकार, सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, कारखान्याच्या सांकेतिक अक्षरांची पट्टी आणि पोलादी पत्र्यांचे जोड तपासतात. छत कापल्याच्या खुणा नीट पाहिल्यास बहुधा सापडतात. नव्याने घडवलेले भाग मूळ सांगाड्यावर जोडलेले असल्यास मात्र 'अस्सल' कशास म्हणावे याचे उत्तर सोपे राहत नाही, आणि संग्रहालयाने फलकावर तसे स्पष्ट लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

फ्रान्समधील सोम्यूर, जर्मनीतील मुन्स्टर व कोब्लेन्झ, इंग्लंडमधील बोव्हिंग्टन आणि प्रागजवळील लेशानी येथील संग्रहालये जर्मन लष्करी वाहनांच्या अभ्यासासाठी महत्त्वाची आहेत. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील एक जर्मन चिलखती गाडी आहे. ती पूर्णतः चाकांवर चालणारी असून हाफ-ट्रॅक नव्हे.