हातमोजे : अन्नपूर्णा ते नाथसागर

आजचा भाग हातमोज्यांच्या इतिहासावर. हसू नका! शेवगावात मोजे म्हटलं की पायातलेच. फारसीतला मूळ 'मोजा'ही पायातलाच. हातातल्यासाठी आपण त्याच्या पुढे 'हात' जोडला, बस.

आपल्याकडे थंडीवर इलाज म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर राठ. पाठीवर झकास ऊब देते, पण तिचे बोटाबोटांचे मोजे कोण घालणार? त्यामुळे खोळ करायची आणि हात आत घ्यायचे. पण रात्री गव्हाला दारं धरणाऱ्याचं काय? खोऱ्याचा दांडा नि मोटारीचा स्टार्टर काही खोळीतून चालत नाही.

उघड्या हातांची किंमत जगाला कळली ती ३ जून १९५० ला. फ्रान्सचे मोरिस हर्झोग आणि लुई लाशेनाल अन्नपूर्णेवर पोहोचले, ८०९१ मीटर. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणसानं पहिल्यांदाच पाय ठेवला होता. उतरताना हर्झोगनी पाठपिशवी उघडायला हातमोजे काढून ठेवले, आणि ते घरंगळत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते! तेच हातात चढवावेत हे त्या विरळ हवेत सुचलंच नाही. परतीच्या वाटेवर डॉक्टरांना त्यांची बोटं कापावी लागली. याच शिखरावर १६ एप्रिल २०२१ ला साताऱ्याची प्रियांका मोहिते पोहोचली.

आपल्या थंडीत बोटं गळत नाहीत, मान्य. पण पहाटे गाडीवरून नाथसागराच्या काठाला जाऊन बघा. १९७६ मध्ये जायकवाडी धरण झालं, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकादंब येतात. दुर्बिणीचं चाक फिरवायला बोटं हलली तर पाहिजेत ना? जाड, फुगीर मोज्यात ती हलत नाहीत.

मी म्हणेन, पातळ लोकरीचा आतला मोजा घ्या आणि गाडीवर त्यावर वारा अडवणारा दुसरा. काठावर वरचा काढून टाकायचा. आपलं गाव कापसाचं, तरी इथे सुती मोजा नको. दवानं भिजला की उलट गारठा वाढवतो. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. फार घट्टही नको, रक्त फिरायला हवं. आणि खिशात एक जादा जोड, हर्झोगसाठी!

पुढच्या भागात घोंगडी विणणाऱ्या सणगरांबद्दल बोलू.