खारव्यातली मिरज

मी लग्न होऊन मिरजेत आले तेव्हा आमच्याकडे पहाटे बंब पेटायचा आणि पेटवणाला माळ्यावरच्या पेटीतले मूठभर कागद लागायचे. सासूबाईंची तक्रार एकच: "मेला हा कागद नुसता धुमसतो, पेट घेत नाही." चिंध्यांच्या लगद्याचा, घोटून गुळगुळीत केलेला जाड हातकागद तो, धुमसणारच. मी नुकती बी.एड. होऊन आलेली, मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. पण एकदा हातातल्या तावाच्या माथ्यावरचा 'श्री' तेवढा ओळखू आला आणि तो ताव बंबात टाकवेना. श्री कसा जाळायचा, इतकंच कारण. इतिहासबितिहास काही मनात नव्हता.

आमचं घराणं पराक्रमी वगैरे नव्हे. पराक्रम पटवर्धनांनी केला, आमच्यांनी त्याचा हिशेब ठेवला. मिरज पटवर्धनांहून कितीतरी जुनी. इथला किल्ला, मीरासाहेबांचा दर्गा हे सगळं आधीचं. पण मिरज, सांगली, तासगाव, कुरुंदवाड, जमखंडी ही जी माळ आहे ती एकाच घराच्या दोऱ्यात ओवलेली. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीकर नारो महादेवांचे कुलोपाध्याय झाले. नारोपंतांच्या मुलाला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनूबाई दिली, आणि उपाध्यायांच्या मुलांना पेशव्यांचं दार उघडलं. दोन पिढ्यांत पळीपंचपात्राच्या जागी तलवार आली. मिरजेवरून थोरल्या माधवरावांच्या काळात रघुनाथरावांशी बिनसलं, गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले, १७६३ च्या राक्षसभुवनच्या लढाईनंतर परत आले. परशुरामभाऊ १७९९ मध्ये पट्टणकोडोलीला करवीरकरांशी लढताना पडले. पुढे चिंतामणराव काकांशी न पटल्याने निघाले आणि सांगलीला जाऊन बसले. सांगलीकरांना राग येईल, पण त्यांची राजधानी हे भाऊबंदकीचं फळ आहे.

हे सारं आज इतकं नेमकं सांगता येतं त्याचं श्रेय एका संस्कृतच्या मास्तरांकडे जातं. वासुदेवशास्त्री खरे मूळ गुहागरचे, जन्म १८५८ चा. मिरजेच्या हायस्कुलात शिकवत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांचं दफ्तर वाचत. १८९७ पासून त्यांनी ही पत्रं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून मासिकातून छापायला घेतली आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत सोडली नाहीत. मीही मास्तरीण. सहा तास वर्गात घसा फोडून आल्यावर उत्तरपत्रिका तपासायलाही डोळे राहत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढायची आणि खाली अक्षरं लोंबती सोडायची. शब्द कुठे तुटतो याचा पत्ता नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. कंदिलाच्या उजेडात शास्त्रीबुवांनी हे कसं केलं असेल, ते मोडी शिकल्यावर मला जास्त कळलं.

मोडी मी शिकले पन्नाशीत. पहिला महिना तारखांतच गेला. कागदावर असतं 'इहिदे सितैन मया व अलफ': एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवायचे, आणि कागद जानेवारी ते मृग यांमधला असेल तर ६००, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. आलं १७६०-६१, पानिपताचं वर्ष. मला वाटलं, आता आपल्या पेटीत पानिपत सापडणार. सापडला तुपाचा हिशेब.

पेटीत पानिपत नव्हतंच. रोजकीर्द, खतावणी, वाण्याची उधारी, लग्नाच्या आहेराच्या याद्या, सिकलगाराची मजुरी. राजकारणाची पत्रं मोठ्या दफ्तरात, ती शास्त्रीबुवांनी उजेडात आणली. पण गाव नुसत्या पत्रांत राहत नाही, मजुरीच्या हिशेबातही राहतं. याच सिकलगारांच्या घरांतून पुढे मिरजेचे सतार-तंबोरे करणारे निघाले. तलवारीला पाणी देणारे हात भोपळ्याकडे वळले, याची खूण कुठल्या सनदेत मिळेल? त्या मजुरीच्या नोंदीवर मी उगाचच बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

आमच्या घरात सनदेची एक नक्कल मात्र वेगळ्या खारव्यात, कापूर घालून, देवघराखाली ठेवलेली होती. ती कोणी बंबात घातली नाही. त्याचं कारण इनाम कमिशन. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारने एकेका इनामदाराला विचारलं, जमीन तुमची कशावरून? कागद असेल तर इनाम, नसेल तर सारा. तेव्हापासून दोन सवयी लागल्या: हक्काचा कागद जिवापलीकडे जपायचा आणि कोणताच कागद परक्याला दाखवायचा नाही. इतिहासकार राजवाडे कागद शोधत गावोगाव हिंडले तेव्हा त्यांना बंद दारं भेटली ती काय सगळी अडाणीपणाने? दाखवलेला कागद अंगावर उलटतो, हे लोकांनी पाहिलं होतं.

मग १९४८ आलं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत या भागातले कितीतरी वाडे पेटले, दफ्तरंही गेली. मार्चमध्ये संस्थानं विलीन झाली. कूळकायदा आला, मागोमाग इनामं गेली. जमीन गेल्यावर कागदाची भीतीही गेली, आणि कागद खऱ्या अर्थाने मेला तो तेव्हा. ज्याची भीती नाही आणि जे वाचताही येत नाही, ते माळ्यावर कशाला ठेवायचं? सासूबाईंना मी कधी दोष दिला नाही. त्यांच्या सासऱ्यांना मोडी येत होती, त्यांच्या मुलाला नाही. बंब मध्ये आला एवढंच.

वाटणीत अर्धे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांगलीच्या चुलतदिरांकडे गेले. त्यांचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी आहे ४५. पेटी खालच्या खोलीत होती. नवव्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला, "वहिनी, तुमच्या कागदांचा चिखल झालाय, टाकून देऊ?" मी ओरडलेच. उन्हात घालू नका, एकेक ताव ओढून काढू नका, पेटीला हात लावू नका.

पुण्याच्या एका जाणकाराला विचारून आम्ही ते वाळवले. पंखा लावलेल्या खोलीत, दोरीवर नाही, टीपकागदावर, आडवे. टीपकागद दिवसातून तीनदा बदलायचा. दार उघडलं की बुरशीचा वास नाकात जायचा. गंमत अशी की सर्वांत जुने रुमाल सर्वांत कमी बिघडले. चिंध्यांचा कागद आणि काजळीची शाई. कडा फुगल्या, थोडं पसरलं, पण अक्षर काळंभोर. विसाव्या शतकातल्या गिरणीच्या कागदाचे मात्र तुकडे झाले, आणि जांभळ्या शाईने लिहिलेली आजेसासऱ्यांची पत्रं म्हणजे नुसते जांभळे ढग. आजेसासरे म्हणजे मी पाहिलेलं माणूस. पेशवाईतला तुपाचा हिशेब राहिला आणि त्यांचं अक्षर गेलं.

आता आम्ही उरलेल्याचे फोटो काढतो. 'आम्ही' म्हणजे मी आणि आठवड्यातून दोनदा येणारी इतिहासाची एक विद्यार्थिनी. एक रुमाल, एक वही. वहीत रुमालाचा क्रमांक, तावांची संख्या, कोणत्या घरातून आला, कोणत्या क्रमाने बांधलेला होता. क्रम मोडायचा नाही, यावर मी अडून असते. कारकुनाने कागद ज्या ओळीने ठेवले त्या ओळीतही काही सांगितलेलं असतं. मूळ खारवा फाटला आहे, तरी धुऊन ठेवला आहे.

परवा ती म्हणाली, "मॅडम, या तावाची मागची बाजू सोडू का? हिशेब नाहीये, नुसती गिचमिड आहे." मी चष्मा लावला. कुणा पोराने बोरूने मोडीची 'क' ची ओळ गिरवली होती. पहिले चार क सरळ, मग कंटाळून वाकडे, मग शाईचा डाग आणि त्या डागात उठलेला अंगठा. मी तिला दिवा जवळ घ्यायला सांगितलं.